मूळव्याध नव्हती ती

नाशकात पुरुषही देहविक्रीचा धंदा करतात हे सांगितलं की लोक बघतच राहतात, अजूनही. मी एचआयव्हीच्या प्रोजेक्टवर काउन्सेलर आहे आणि आमच्याकडे येणारी निम्मी पोरं दिवसा साधी नोकरीच करत असतात, कोणी अंबडला कंपनीत कंत्राटावर, कोणी हॉटेलात, कोणी डिलिव्हरीला. आता तर सगळं मोबाईलवरच ठरतं, नाव मसाजचं, त्यामुळे आमच्या पिअर पोरांना, म्हणजे त्यांच्यातलीच पण प्रोजेक्टचं काम करणारी पोरं, त्यांना पूर्वीसारखं एका जागी जाऊन कोणी भेटत नाही, एकेकाला शोधत बसावं लागतं.

त्या दिवशी असाच एक पोरगा पिअरने आणला. वय असेल तेवीस चोवीस. खुर्चीवर बसेना, उभाच. म्हटलं बस रे, तर म्हणतो ताई मूळव्याध आहे, बसवत नाही. किती दिवस, तर दोन अडीच महिने. सिडकोतल्या एका दवाखान्यात दाखवलेलं, मलम दिलं, पोट साफ व्हायची पावडर दिली, तिखट बंद कर म्हणाले. तपासलं का तर नाही. रक्त पडतं, पू सारखं चिकट पण येतं असं तो हळूच म्हणाला आणि पिअरकडे बघायला लागला.

मी पिअरला बाहेर बसवलं आणि सरळच विचारलं, कस्टमरसोबत तू घेणारा असतोस का, मागून? तो गप्प. मग म्हणाला, हे मला आजवर कुणी विचारलंच नाही. डॉक्टरांनी लग्न झालंय का एवढं विचारलं, तो नाही म्हणाला, विषय संपला!! मला या गोष्टीचा फार राग येतो. गुदद्वारात गनोरिया होतो, क्लॅमिडिया होतो, सिफिलिसची जखम होते, कितीतरी वेळा तर काही त्रासच जाणवत नाही, आणि आतली कातडी इतकी नाजूक की संबंधांच्या सगळ्या प्रकारांत एचआयव्हीचा धोका मागून घेणाऱ्यालाच सगळ्यात जास्त. त्यात आधीच जखम किंवा सूज असेल तर व्हायरसला रस्ता मोकळाच. आणि हे सगळं मूळव्याधीच्या मलमाखाली झाकून ठेवलेलं.

कंडोम? तर वापरतो म्हणाला, आणि खोटं बोलत नव्हता, खिशातून काढून दाखवला. जादा पैसे देतो म्हणणाऱ्यालाही बऱ्याचदा नाही म्हणतो, पण एकाने व्हिडिओ काढून ठेवलाय, त्याच्यापुढे चालत नाही. पोलिसात जा कसं म्हणणार, समलिंगी संबंध गुन्हा नाही हा कलम ३७७ चा निकाल २०१८ ला लागला तरी त्याच्या डोक्यात पहिली भीती घरी कळेल हीच. मग विचारलं कंडोमसोबत काय लावतोस, तर खोबरेल तेल, कधी व्हॅसलीन. तिथेच मी डोक्याला हात लावला. तेलाने लॅटेक्स कमजोर होतं, कंडोम फाटतो, आणि त्याचा तर वरचेवर फाटत होता, त्याला वाटायचं माल हलका आहे. पाण्याचं ल्युब, म्हणजे कंडोमवर लावायचं वंगण, वेगळं मिळतं हे त्याला माहीतच नव्हतं. शेवटचा फाटून आठवडा उलटून गेलेला. एचआयव्ही होऊ नये म्हणून २८ दिवसांच्या गोळ्या असतात पण त्या ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, तो वेळ गेलेला.

सरकारी दवाखान्याच्या सुरक्षा क्लिनिकला, जिथे गुप्तरोग तपासतात, मी स्वतः सोबत गेले. तिथल्या डॉक्टरांनी व्यवस्थित तपासलं, आतून सुद्धा, एक शब्द वाकडा नाही. जखम होती. रक्त घेताना तो सारखा एकच विचारत होता, कंपनीत कळेल का. त्याला सांगितलं, २०१७ चा एचआयव्हीचा कायदा आहे, तुझ्या परवानगीशिवाय टेस्ट नाही आणि रिपोर्ट कंपनीला सांगायचा अधिकार कुणाला नाही. ऐकलं, पण हात थरथरतच होता.

एचआयव्ही नॉन रिअ‍ॅक्टिव्ह आला. सिफिलिस रिअ‍ॅक्टिव्ह. पेनिसिलिनचं इंजेक्शन, २४ लाख युनिटचं, दोन्ही बाजूंना अर्धं अर्धं, आणि पू साठी वेगळ्या गोळ्या. निगेटिव्ह ऐकून तो इतका मोकळा झाला की पुढचं ऐकायलाच तयार नव्हता, पण मला सांगणं भाग होतं की शेवटचा कंडोम फाटला ते इतक्यात टेस्टमधे दिसणार नाही, तीन महिन्यांनी परत करायची, आणि सिफिलिस उतरतोय का हे बघायला रक्तही परत द्यायचं. चेहरा पडला त्याचा. तरी तारीख त्याने मोबाईलमधे टाकली, माझ्यासमोर.

निघताना ल्युबची पाकिटं पिशवीत भरून दिली. जिन्यापर्यंत गेला आणि परत आला, म्हणाला ताई रूमवर अजून दोघं आहेत, तेच मलम लावतात, माझीच ट्यूब. त्यांना लगेच फोन लाव म्हटलं. एक जण संध्याकाळी आला. दुसरा यायला तयार नाही, पिअर अजून त्याच्या मागे आहे.