कुरुकारुनी-सान आणि एक आडवी रेघ

टोकियोतल्या एका बँकेच्या शाखेत तीन नंबरच्या खिडकीसमोर एक हिरवी खुर्ची आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर २०१९ मध्ये मी त्या खुर्चीवर जेवढा वेळ बसले, तेवढा अभिलेखागारात बसले असते तर प्रबंधात अजून एक प्रकरण वाढलं असतं. जपानच्या परराष्ट्र धोरणावर पीएच.डी. कशी केलीस, असं विचारणाऱ्यांना ग्रंथालयं, मोठमोठ्या लोकांच्या मुलाखती, चेरीची फुलं असलं काहीतरी ऐकायचं असतं. माझ्या डोळ्यांपुढे आधी ती खुर्ची येते.

विषय थोडक्यात सांगते, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. जानेवारी १९७४ मध्ये पंतप्रधान तानाका काकुएई आग्नेय आशियाच्या दौऱ्यावर गेले. (आडनाव आधी लिहितेय, कारण पुढे येईलच.) बँकॉकला विद्यार्थ्यांनी निदर्शनं केली. जकार्तात १५ जानेवारीला दंगल उसळली, जपानी बनावटीच्या गाड्या पेटवल्या गेल्या आणि पाहुण्यांना विमानतळावर हेलिकॉप्टरने पोचवावं लागलं. माल आमच्या बाजारात ओतता, पण आम्हाला माणसं समजत नाही, असा तो राग होता. साडेतीन वर्षांनी, १८ ऑगस्ट १९७७ ला, पंतप्रधान फुकुदा ताकेओ मनिलात उभे राहिले आणि म्हणाले, जपान लष्करी सत्ता होणार नाही, आसिआन, म्हणजे आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेतल्या, देशांशी बरोबरीच्या नात्याने वागेल आणि मनाशी मन जोडेल. जपानीत ‘कोकोरो तो कोकोरो’. यालाच फुकुदा सिद्धांत म्हणतात. जकार्ताच्या जाळपोळीपासून मनिलाच्या ‘कोकोरो’पर्यंत जपानी परराष्ट्र खात्याचं मन कसं वळलं, हा माझा प्रबंध.

नोंदणी, सिनॉप्सिस, गाईडची सही, दहा महिन्यांची फेलोशिप, व्हिसा यातलं काहीच कुठे अडलं नाही. त्यामुळे त्याबद्दल आठवतही काही नाही. विमानतळावर उतरल्या उतरल्या झाइर्यू कार्ड, म्हणजे रहिवासी कार्ड, हातात पडलं. चौदा दिवसांच्या आत पत्ता नोंदवायचा असतो, तो मी दुसऱ्याच दिवशी कुयाकुशोत, म्हणजे वॉर्ड ऑफिसात, जाऊन नोंदवला. अर्ध्या तासात काम झालं. मला वाटलं, आपण पुण्याहून उगाच घाबरत आलो.

मग बँक. फेलोशिपचे पैसे जपानी खात्यातच जमा होणार होते. पहिल्या बँकेने नम्रपणे सांगितलं की देशात येऊन सहा महिने झाले की या. दुसरीकडे विद्यापीठाचं पत्र नेलं म्हणून आत घेतलं. तिथल्या ताई फार गोड होत्या. माझ्या कार्डाकडे बघत त्यांनी विचारलं, यात कुलकर्णी आणि अश्विनी कळलं, विश्वनाथ-सामा (म्हणजे विश्वनाथजी) कोण?

“माझे वडील.”

त्यांनी दाराकडे पाहिलं. “तेही आज येणार आहेत का?”

आपल्याकडे नावात वडील येतात हे एका जपानी बँक कर्मचाऱ्याला समजावणं म्हणजे काय, ते करून बघावं. आडनाव दोन आहेत का? नाही. मग हे तुमचं दुसरं नाव? नाही, ते त्यांचं नाव आहे. पण कार्डावर तुमच्या नावात आहे. हो. त्या आत गेल्या. एक साहेब बाहेर आले, त्यांनी माफी मागितली आणि तेही आत गेले. पाऊण तासाने ठरलं की कार्डावर आहे तसंच, तिन्ही नावांनी खातं निघेल. ते काताकाना, म्हणजे परकी नावं लिहायच्या जपानी लिपीत लिहायचं म्हणून मी एकेक अक्षर उच्चारून दाखवलं. त्यांच्या भाषेत ल नाही आणि जोडाक्षरं फोडल्याशिवाय चालत नाही, म्हणून कागदावर उतरलं ते ‘कुरुकारुनी आशुविनी बिशुवानातो’. पासबुक हातात आलं तेव्हा मी त्याचा फोटो काढून आईला पाठवला. आईचं उत्तर आलं, हे कोण?

२५ ऑक्टोबरला पहिला हप्ता जमा व्हायचा होता, तो झाला नाही. मधल्या दिवसांत मी कारणं शोधून ठेवली होती. १२ तारखेला मोठं वादळ येऊन गाड्या बंद पडल्या होत्या, २२ तारखेला नव्या सम्राटांच्या राज्यारोहण समारंभाची खास सुट्टी होती, म्हणजे उशीर होणारच. उशीर नव्हता. पैसे गेले होते आणि परत आले होते. विद्यापीठाच्या ऑफिसातल्या फॉर्मवर माझं नाव ‘कुरुकारुनी आशुविनी’ एवढंच होतं. बाबा गायब. जपानमध्ये खाते क्रमांक बरोबर असला तरी काताकानातलं नाव जुळलं नाही की पैसे आल्या पावली परत फिरतात.

ऑफिस म्हणालं, बँकेत नाव छोटं करून घ्या. बँक म्हणाली, कार्डावर आहे तेच राहील, ऑफिसात नाव मोठं करून घ्या. दोघांनीही हे सांगताना इतकी माफी मागितली की भांडायला जागाच उरली नाही. आपल्याकडे निदान आवाज चढवता येतो, समोरचाही चढवतो, मग मधला एखादा काका “मॅडम, द्या इकडे” म्हणतो आणि काम होतं. इथे मी हिरव्या खुर्चीवर बसायचे, नंबर यायचा, “मोशिवाके गोझाइमासेन” (म्हणजे माफ करा) ऐकायचे आणि तीनच्या आत बाहेर पडायचे, कारण तीनला शटर पडतं. ‘कोकोरो तो कोकोरो’वर प्रबंध लिहायला आलेली बाई बँकेच्या दारात उभी राहून मनातल्या मनात १९७४ च्या जकार्तातल्या विद्यार्थ्यांच्या बाजूने होत चालली होती.

शेवटी नोव्हेंबरात ऑफिसने नवा फॉर्म दिला. पूर्ण नाव लिहिलेलंच होतं, फक्त तपासून शिक्का मारायचा होता. आणि इथे मी माती खाल्ली. बाबा मराठीचे शिक्षक. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की घरात जेवण मिळायचं पण बोलणी खाऊन. फॉर्मवरचं ‘कुरुकारुनी’ बघून मला राहवलं नाही. म्हटलं, ‘णी’ दीर्घ आहे. काताकानात दीर्घ स्वरासाठी अक्षराच्या पुढे एक आडवी रेघ ओढतात. ऑफिसातल्या मुलाने ती आनंदाने ओढली. मलाही फार बरं वाटलं, निदान एका कागदावर तरी आपलं आडनाव शुद्ध लिहिलं गेलं!

२५ नोव्हेंबरला पैसे पुन्हा परत. बँकेच्या नोंदीत रेघ नव्हती.

पुण्याहून आणलेले दीड लाख येन संपत आले होते. खोलीचं भाडं निशी-कासाईतल्या, म्हणजे टोकियोतल्या भारतीयांच्या वस्तीतल्या, एका मराठी कुटुंबाने उसनं दिलं, आणि त्या काकू दर रविवारी पोहे खायला बोलवत. त्यांचं मला आधी माहीत असतं तर बरं झालं असतं. म्हणून सांगते, टोकियोला जाणार असाल तर निशी-कासाईत ओळख काढून ठेवा. आणि जाताना तीन महिन्यांचा खर्च रोख न्या, एका महिन्याचा नव्हे.

तिसऱ्या खेपेला मी फॉर्मवर काहीच लिहिलं नाही. पासबुकाच्या आतल्या पानावर काताकानात जे छापलेलं असतं, त्याची झेरॉक्स लावली आणि म्हटलं, यातली एक रेघही इकडची तिकडे करू नका. २५ डिसेंबरला तीन महिन्यांचे पैसे एकदम जमा झाले. मी एटीएमसमोर रडले. मागे उभे असलेले आजोबा दोन पावलं मागे सरकले.

याच काळात तिथे नावांवरूनच चर्चा चालली होती, हे मला फार नंतर हसून सांगता आलं. त्याच वर्षी मे महिन्यात परराष्ट्रमंत्री कोनो तारो यांनी परदेशी माध्यमांना सांगितलं होतं की आमच्या पंतप्रधानांचं नाव ‘आबे शिन्झो’ असं लिहा, आडनाव आधी. पुढे सरकारने ठरवलं की १ जानेवारी २०२० पासून रोमन लिपीतल्या सरकारी कागदांवरही हाच क्रम. माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेवर ‘कुलकर्णी अश्विनी विश्वनाथ’ असंच आहे. म्हणजे क्रमाच्या बाबतीत महाराष्ट्राचं बोर्ड जपान सरकारच्या कितीतरी आधी तिथे पोचलेलं होतं. आता तर १ मे २०२४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या नावात आपल्याकडे आईचंही नाव येणार आहे. निर्णय उत्तमच आहे, पण त्यातलं कोणी जपानला गेलं तर त्या ताईंना चहा लागेल.

अभिलेखागाराचंही सांगायला हवं, त्यासाठी तर गेले होते. परराष्ट्र खात्याचं गाइको शिर्योकान अझाबुदाईत आहे, १९७१ पासून. साधारण तीस वर्षं झालेले कागद टप्प्याटप्प्याने खुले होतात. तिथले दिवस इतके शांत गेले की लिहिण्यासारखं काही नाही. पेन्सिल, फाईल, दुपारी कोन्बिनीतला, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातला, ओनिगिरी (भाताचा गोळा). अडचण एकच, टंकलिखित तार वाचता येते, पण तिच्या समासात कुणा अधिकाऱ्याने घाईत खरडलेल्या दोन ओळी वाचता येत नाहीत, आणि धोरण बहुतेक वेळा त्याच दोन ओळींत असतं. जपानीची परीक्षा पास झालात म्हणून त्या वाचता येतील असं समजू नका. मी एका निवृत्त शिक्षिकेकडे आठवड्यातून दोनदा फक्त हस्ताक्षर वाचायला शिकले. हे पुण्यातच सुरू करायला हवं होतं.

तसंच घरबसल्या होणारी कामं तिथे जाऊन करू नका. जपानी संसदेच्या चर्चा १९४७ पासून इंटरनेटवर फुकट शोधता येतात. परराष्ट्र खात्याचं वार्षिक ‘नीलपुस्तक’ १९५७ पासून निघतं. १९४५ च्या आधीचा विषय असेल तर आशियाई इतिहासाच्या सरकारी डिजिटल संग्रहात लाखो पानं आहेत. हे सगळं चाळूनच मग विमानात बसा. मी निम्मं तिथे बसून वाचलं, हिरव्या खुर्चीवर, मोबाईलवर. तेवढाच त्या खुर्चीचा उपयोग.

एप्रिल २०२० मध्ये टोकियोत करोनामुळे आणीबाणी जाहीर झाली आणि माझं राहिलेलं वाचन खोलीतच अडकलं. तेव्हा डिसेंबरपर्यंत वाया गेलेला एकेक दिवस मोजला. सव्वीस भरले. व्हायवाला बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं की १९७५ ची कागदपत्रं इतकी थोडी का. मी फायली बघायला वेळ कमी पडला, एवढंच म्हटलं. आडव्या रेघेचं काय सांगणार होते?

गेल्या महिन्यात कोल्हापूरच्या एका मुलीचा मेसेज आला. तिलाही जपान आणि आसिआनवरच काम करायचंय. “ताई, विषय कसा ठरवू? फुकुदा घेऊ की हिंद-प्रशांत?” मी तिला आधी पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवायला सांगितलंय. बघते, वडील आहेत का.