तुम्हाला नक्की काय आवडतं, हे कळलं कसं?

ऐरोलीच्या आमच्या बँकेच्या शाखेत नवीन मुलं येत असतात. कामाला चलाख, बोलायला चटपटीत. थोडी ओळख झाली की डबा खाताना हमखास विचारतात, "मॅडम, तुम्हाला नक्की काय आवडतं हे तुम्हाला कळलं कसं? आम्हाला तर रविवारी काय करावं तेच सुचत नाही." भाचीही हेच विचारते. शेजारच्या काकू जरा निराळ्या सुरात म्हणतात, "तुला बाई बरे हे उद्योग सुचतात!" डब्याच्या वेळात उत्तर अर्धवटच राहतं. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

स्वतःच्या आत डोकावून मला काहीही कळलेलं नाही. तो प्रयोग मीही केला होता, चांगली जाड पानांची वही आणून. "मला काय हवंय?" असं वर लिहिलं आणि खाली उत्तरं लिहीत गेले. एकदा युरोप, हे नणंदेचं. वजन कमी करणे, हे डॉक्टरांचं. 'स्वतःसाठी वेळ', हे कुठल्याशा दिवाळी अंकातलं. मनात वाकून पाहावं तर तिथे आधीच सगळी पाहुणेमंडळी ठाण मांडून बसलेली. ज्यांना ध्यानाला बसून उत्तरं सापडतात त्यांच्याबद्दल मला आदरच आहे, पण माझा तो पिंड नाही. मला बाहेरच्या लोकांना प्रश्न विचारून जास्त कळलं. विचारायचं, आणि त्यातलं काय दुसऱ्या दिवशीही डोक्यात घोळतंय यावर लक्ष ठेवायचं, एवढंच.

याची सुरुवात झाली शेवळांपासून. माझं माहेर सांगलीकडचं. लग्न होऊन ठाण्याच्या नौपाड्यात आले तरी बरीच वर्षं जांभळी नाक्याच्या बाजारात मी ओळखीच्याच भाज्या घेत होते. जूनच्या तोंडावर तिथे रानभाज्या घेऊन बायका बसतात. टाकळा, फोडशी, भारंगी, पुढे करटोली. त्यात एकीपुढे तपकिरी-जांभळट, टोकदार, मिटलेल्या छत्रीसारख्या काड्यांच्या जुड्या होत्या.

"मावशी, हे काय?"

"शेवळं. न्या की."

"करायची कशी?"

तिने माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं पाहिलं. "खाल्ली नाय कधी? मग काकडं बी घ्या संगती. नायतर घसा खाजंल."

मग तिने एक शेवळ हातात घेतलं, वरचं आवरण नखाने सोललं, आतला पिवळा भाग मोडून बाजूला टाकला आणि म्हणाली, "हा खायाचा नाय." बाकीचं बारीक चिरायचं, तेलात चांगलं परतायचं आणि त्यात काकडांचा आंबट रस घालायचा. काकडं म्हणजे आवळ्याहून लहान, हिरवी, आंबट फळं. शेवळाबरोबर तीही विकायला असतात. शेवळ हे सुरणाच्या कुळातलं. अळू खाजतो त्याच कारणाने, म्हणजे कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म स्फटिकांमुळे, तेही खाजतं. आंबट त्यावरचा उतारा. हे रसायन मला नंतर वाचून कळलं. मावशीला ते न वाचता ठाऊक होतं, आणि सासूबाईंनाही. जुडी पाहून सासूबाई एकदम खुलल्या. "आमच्याकडे यात सोडे घालायचे!" सोडे म्हणजे सुकवलेली कोलंबी. मग इतकी वर्षं आणली का नाहीत? "निवडत कोण बसणार?" त्या दिवशी निवडत मी बसले आणि त्या शेजारी बसून सूचना करत होत्या.

प्रश्न एकदा सुरू झाले की थांबत नाहीत. ही उगवतात कुठे? मावशी शहापूरकडची, आसनगावहून पहाटेची लोकल पकडून येते. शेवळं आदल्या दिवशी रानात फिरून गोळा करायची. आधी जमिनीतून फूल वर येतं आणि पान मागाहून, म्हणून ती पावसाच्या सुरुवातीच्या थोड्या दिवसांतच मिळतात. नंतर पान फुटतं आणि हंगाम संपतो. तेव्हापासून मी तिच्याशी भाव करत नाही. तसा काही नियम केलेला नाही. नियम केला असता तर चार दिवसांत मोडला असता, मी भाव करण्यात तशी तरबेज आहे. पण जुडी कशी जमते ते कळल्यावर तोंडच उघडत नाही. सजग जगण्याची पुस्तकं आधी निश्चय करायला सांगतात. माझ्या बाबतीत आधी माहिती येते, आणि मग काही गोष्टी करवत नाहीत.

सगळ्याच प्रश्नांचं असं होत नाही, आणि तेही बघावं लागतं. ठाण्यात राहून रेल्वेची ओढ नाही म्हणजे काय, असं वाटून मी ते सगळं वाचून काढलं. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, चौदा डबे, साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं. पाठ झालं, आणि तिथेच संपलं. लोकलच्या आमच्या डब्यातली एक मैत्रीण इंजिनाच्या शिट्टीवरून गाडी सांगते. मी ऐकते, कौतुक करते, आणि घरी जाऊन विसरते. गिटारचं तर बोलायलाच नको. आपलं काय नाही, हे शांतपणे कळणं ही निम्मी कमाई आहे, पण त्याबद्दल कुणी बोलत नाही.

खाडीचं मात्र उलटं झालं. ठाण्याहून वाशीकडची गाडी सुटली की लगेच खाडी लागते, आणि दोन्ही बाजूंना तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं. मी वर्षानुवर्षं तिकडे पाहून न पाहिल्यासारखी जात होते. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला, २०२२ मध्ये ती महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतही गेली, आणि थंडी पडली की ऑफिसातले सगळे गुलाबी फोटो पाठवू लागले. म्हणून एका सुट्टीत ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात गेले. पक्षी लांब होते. पण तिथला माहिती सांगणारा मुलगा म्हणाला, "या पानावरून बोट फिरवा आणि जिभेला लावून बघा." लावलं. खारट! तिवर खाऱ्या पाण्यात उभं राहतं आणि जास्तीचं मीठ पानांतून बाहेर टाकतं. ऊन असलं की पानावर त्याचे बारीक कण चमकतात. चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली असतात ती त्याची श्वास घ्यायची मुळं. फ्लेमिंगो गुलाबी होतो तोही त्याच चिखलातलं शेवाळ आणि बारीकसारीक जीव खाऊन.

दुसऱ्या दिवशी गाडीच्या दारातून एका बाईने निर्माल्याची प्लॅस्टिकची पिशवी भक्तिभावाने खाडीत टाकली. ती त्या मुळांवरच जाऊन अडकली. मी घरी येऊन सासूबाईंसाठी भाषण तयार केलं: वाहतं पाणी, परंपरा, तिवरं, सगळे मुद्दे. त्यांनी पहिल्या वाक्यालाच सांगितलं, "मग झाडाच्या बुंध्याशी घाल की. तेही चालतं." माझं भाषण वाया गेलं.

आता खरं उत्तर. इतकी वर्षं मला वाटत होतं की मला झाडापानांची आवड आहे. तसं नाही. शेवळ, तिवर, मराठी ग्रंथसंग्रहालयातल्या ग्रंथपालांनी जुनं पुस्तक कसं हाताळायचं ते दाखवलेलं (संस्था १८९३ची, त्यामुळे आपला प्रश्न आपल्याआधी कुणाला तरी पडलेला असतोच), या सगळ्यात समान काय होतं? दर वेळी समोर आपलं काम नीट जाणणारा माणूस होता आणि तो मला ते काम समजावून सांगत होता. मला आवडतं ते हे. वहीत हे कधीच उतरलं नसतं.

ते कळल्यावर मी ऑफिसात एक गोष्ट मागून घेतली. कॅश क्रेडिट, म्हणजे मालाच्या तारणावर खेळतं कर्ज, दिलेल्या कारखान्यांत जाऊन स्टॉकची पाहणी करायची असते. उन्हातान्हात रबाळे एमआयडीसीत हिंडायचं म्हणून सगळे टाळतात. मी म्हटलं, मला द्या. साहेबांना वाटलं बाईंना काहीतरी हवंय. एका पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कारखान्यात तिथल्या सुपरवायझरने मला कागदाच्या रिळावर हात ठेवायला लावला. पावसाळ्यात कागद दमट हवा शोषतो आणि वजनाने वाढतो. कागदाचा हिशेब वजनावर, म्हणजे जुलैतला स्टॉक कागदोपत्री जरा गुटगुटीत दिसणार. तेव्हापासून रिळं फळ्यांवर ठेवलीत की जमिनीवर, हे मी आधी बघते. अहवालात त्याची एक ओळ जाते.

वेळ कुठून आणायचा, हाही प्रश्न येतो. काही गोष्टी सुटतात. मॉलमधली रविवारची चक्कर सुटली, दोन ग्रुप सुटले, बाजारातून घरी यायला उशीर होतो आणि स्वयंपाक साधा होतो. ज्यांच्या घरी लहान मूल आहे किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, त्यांना मी यातलं काहीही सांगत नाही. त्या काळात मीही फक्त झोप शोधत होते.

आणि शेवटी सगळे विचारतात, एवढं आवडतं तर व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, घेऊन पूर्ण वेळ हेच का करत नाही? पगार लागतो, हे एक. शिवाय उद्या बँकेचं ओळखपत्र गळ्यात नसलं, तर रबाळ्याच्या कारखान्यात मला आत कोण घेणार?