आमची वाटचाल : फोटोच्या दोन्ही बाजू

आमचा मूळ धंदा जुन्या मोटारसायकलींच्या सुट्या भागांचा. फोटो गोळा करायचे असं कधी ठरवलंच नव्हतं. एकदा भागांचं एक लाकडी खोकं विकत घेतलं आणि तळाशी, गिअरबॉक्सच्या झाकणांखाली, तेलकट कागदात गुंडाळलेलं पाकीट निघालं. आत अकरा फोटो. सगळ्यांत वरच्या फोटोत चपट्या टाकीची गाडी, शेजारी टोपी घातलेला माणूस आणि टाकीवर बसवलेलं दोन-तीन वर्षांचं मूल. मुलाचे दोन्ही हात हँडलच्या दिशेने ताणलेले, पण पोचत नाहीत. फोटो उलटून पाहिला. मागे पेन्सिलीने एवढंच लिहिलेलं : ‘विकायच्या आदल्या दिवशी’.

त्या फोटोची प्रत आमच्या टेबलासमोर लावली आहे. मूळ फोटो अंधारात, आम्लविरहित कागदाच्या पाकिटात असतो.

फोटोंचा धंदा होऊ शकतो हे गिऱ्हाइकांनी शिकवलं. जुनी गाडी पुन्हा उभी करणाऱ्याला शंभर प्रश्न असतात. क्लचची केबल टाकीच्या वरून जाते की खालून? मागचं मडगार्ड नेमकं कुठे संपतं? कंपनीच्या कॅटलॉगमधले फोटो इथे फसवतात, कारण त्या काळी मागचा देखावा रंगाने पुसायचे आणि गाडीवरही हात फिरवायचे. घरासमोर काढलेल्या साध्या फोटोत मात्र गाडी जशी चालवली जात होती तशीच दिसते, चिखलासकट. असे फोटो आम्ही ऑनलाइन ठेवायला लागलो. पाहायला कुणालाही मोफत, मोठी फाइल हवी असेल तर पैसे. घरोघरचे अल्बम स्कॅन करून देण्याचं कामही त्यातूनच सुरू झालं आणि आज आमचं घर त्यावरच चालतं.

सुरुवातीला एक चूक झाली, ती सांगायलाच हवी. एका कुटुंबाने ऐंशीएक फोटो विश्वासाने दिले. आम्ही ते 300 डीपीआयला (दर इंचाला 300 ठिपके), जेपीइजी या दाबून लहान केलेल्या फाइलमध्ये, फक्त पुढच्या बाजूने स्कॅन केले आणि परत केले. दोन वर्षांनी त्यांच्या घरात पाणी शिरलं आणि अल्बम गेला. आमच्याकडे चेहरे उरले, पण मागे लिहिलेली नावं, गावं, तारखा सगळं गेलं. ती अक्षरं मी पाहिली होती, वाचलीही होती, तरी आज त्यातली चार-पाचच आठवतात. त्या घरातल्या आजींना फोन करून हे सांगितलं तो दिवस मी विसरलेलो नाही.

तेव्हापासून फोटोची पाठ कोरी असली तरी स्कॅन होते. कागदावर कंपनीचा शिक्का असतो, स्टुडिओचा असतो, अल्बममधून उचकटल्याची खूण असते. जुन्या साध्या कॅमेऱ्याचे फोटो निगेटिव्हएवढेच छोटे, जेमतेम 6 बाय 9 सेंटिमीटर. ते आम्ही 1200 डीपीआयला घेतो, म्हणजे नंबरप्लेट आणि टाकीवरची अक्षरं वाचता येतात. मूळ फाइल टिफ या न झिजणाऱ्या प्रकारात, कारण जेपीइजी दर वेळी बदलून सेव्ह केली की थोडी झिजते. तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो ओढून काढायचा नाही. दात साफ करायचा पातळ धागा मागून हळूहळू सरकवायचा, आणि तरीही निघत नसेल तर पानासकट स्कॅन करायचा. फिल्मच्या डब्यातून व्हिनेगरसारखा वास आला तर ती निगेटिव्ह आधी घ्यायची. ॲसिटेट फिल्म कुजायला लागल्याची ती खूण, आणि तो वास शेजारच्या डब्यांनाही लागतो.

माझा जीव रमतो तो फोटो वाचण्यात. टाकी चौकटीच्या नळ्यांमध्ये बसवलेली चपटी असेल तर गाडी साधारण 1920 च्या दशकातली किंवा आधीची. टाकी नळीवर खोगिरासारखी बसली असेल तर नंतरची. पुढचं चाक धरणारा चिमटा म्हणजे फोर्क, तो स्प्रिंगचा, गर्डर प्रकारचा असेल तर बहुधा दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास किंवा आधी, कारण तेलाचा टेलिस्कोपिक (नळीत नळी सरकणारा) फोर्क बीएमडब्ल्यूने 1935 मध्ये बाजारात आणला आणि बाकीच्या बहुतेकांनी युद्धानंतर. पण गाडीचं वय म्हणजे फोटोचं वय नव्हे. बीएसए या ब्रिटिश कंपनीच्या एम20 गाड्या सैन्यासाठी लाखाहून जास्त बनल्या आणि युद्ध संपल्यावर सामान्य लोकांच्या हाती आल्या. अशा गाडीचा फोटो 1955 चाही असू शकतो, मग गाडी सोडून कपड्यांकडे पाहावं लागतं.

कपडे आणखीही एक गोष्ट सांगतात. एका निगेटिव्हमध्ये किक नेहमीच्या उजव्या बाजूऐवजी डाव्या बाजूला दिसत होती. दोन दिवस आम्ही दुर्मिळ गाडी सापडली म्हणून आनंदात होतो. मग सहकाऱ्याने चालकाच्या कोटाकडे बोट दाखवलं. कोटाची उजवी बाजू डावीवर आली होती, म्हणजे बायकांच्या कोटासारखी. निगेटिव्ह उलटी ठेवली गेली होती.

जुन्या फोटोंना रंग भरून द्या, अशी मागणी सतत येते. आम्ही नाही म्हणतो आणि म्हणत राहू. त्या काळातल्या बऱ्याच फिल्मना लाल रंग दिसतच नसे. लाल भाग काळा यायचा, निळा फिका. अमेरिकेच्या ‘इंडियन’ कंपनीची लालभडक मोटारसायकल अशा फोटोत काळीकुट्ट दिसते. संगणक तिला काळीच रंगवणार आणि पुढच्या पिढीला तेच खरं वाटणार.

प्रसिद्ध फोटोंच्या मागेही आम्ही लागत नाही. 1948 मध्ये अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर रोली फ्री हा चालक पोहण्याच्या चड्डीत व्हिन्सेंट मोटारसायकलवर आडवा झोपून ताशी 150 मैलांच्या पुढे गेला. तो फोटो आम्हालाही प्रिय आहे, पण तो जपणारे पुष्कळ आहेत. टाकीवर बसलेल्या त्या मुलाचं तसं नाही.

हक्कांबाबत थोडक्यात. फोटो हातात आहे म्हणजे त्याचा हक्क आपला, असं नसतं. पुष्कळ देशांत तो फोटो काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर 70 वर्षं राहतो. म्हणून कुटुंबाची लेखी परवानगी घेतो, काढणाऱ्याचं नाव कळलं तर लिहितो, आणि कुणी हरकत घेतली तर फोटो लगेच उतरवतो.

सध्या टेबलावर काचेच्या निगेटिव्हची पेटी आहे. काचा एकमेकींवर आडव्या रचलेल्या होत्या, आता लांब कडेवर उभ्या ठेवल्या आहेत. एक तडकलेली आहे आणि तडा साइडकारच्या चाकातून जातो. दोन्ही तुकडे न चिकटवता शेजारी ठेवून स्कॅन केले. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात टोकदार वस्तूने आकडा कोरलेला आहे, आणि पेटीतला पहिला आकडा 17 आहे. उरलेल्या सोळांसाठी त्या घरी पुन्हा विचारलं आहे. माळ्यावर अजून एक पेटी आहे म्हणतात, रविवारी उघडणार आहेत.