“घाबरला ना तो?” : तुम्ही विचारलंत म्हणून

दोन चॅम्पियनची लढत ठरता ठरता फिसकटली, की मला हमखास हाच प्रश्न येतो. मी बॉक्सिंगवर लिहितो, म्हणजे आतलं काहीतरी मला ठाऊक असणार असा समज. वर टोमणाही असतो : फायनलच होत नाही, हा कसला खेळ?

टोमणा मान्य. इथे फायनल लावणारं कुणी नाहीच. दोन प्रमोटर, त्यांची वेगवेगळी चॅनेलं, जगज्जेतेपदाचे बेल्ट देणाऱ्या चार संस्था आणि त्यांचे आपापले सक्तीचे चॅलेंजर (म्हणजे चॅम्पियनला ज्यांच्याशी लढावंच लागतं ते), एवढ्यांचं जमलं तर लढत. हे तुम्हाला माहीत असतं, तरी “घाबरला ना?” सुटत नाही.

म्हणून रिडिक बो या अमेरिकन हेवीवेट बॉक्सरचं एकदा सांगूनच टाकतो. १९८८च्या सोल ऑलिंपिकच्या सुपर हेवीवेट फायनलमध्ये लेनॉक्स लुईसने त्याला असा बदडला की दुसऱ्याच फेरीत पंचांनी लढत थांबवली. पुढे दोघं व्यावसायिक झाले. ३१ ऑक्टोबर १९९२ला लुईसने रेझर रुडॉकला दोन फेऱ्यांत गुंडाळलं. १३ नोव्हेंबरला बोने इव्हँडर होलिफिल्डला हरवून हेवीवेटचं निर्विवाद जगज्जेतेपद घेतलं. या दोन लढती जिंकणारे पुढे एकमेकांशी भिडणार, असं आधीच ठरलं होतं. बेल्ट देणाऱ्या त्या चारांपैकी एक, डब्ल्यूबीसी, हिचाही तोच आग्रह. घोडं अडलं पैशांच्या वाटणीवर. आणि डिसेंबरात, लंडनमध्ये, पत्रकारांच्या देखत बोने डब्ल्यूबीसीचा बेल्ट उचलला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. ज्या बेल्टसाठी माणसं नाकाची हाडं मोडून घेतात, तो बेल्ट! संस्थेने तो लुईसला देऊन टाकला.

पूर्वी मी ठासून सांगायचो की हा सगळा मॅनेजरचा हिशेब, बो बिचारा मधल्या मधे अडकला. पण डब्यावरचा हात तर बोचाच होता ना? सोलची ती दुसरी फेरी तो विसरला असेल, हे मला पटत नाही. बरं, मग भित्रा म्हणू? होलिफिल्डविरुद्धची त्याची दहावी फेरी बघा. तसा मार खाऊन उलट मारणारा, त्याच होलिफिल्डशी पुढे आणखी दोनदा लढणारा माणूस भित्रा? तेही घशाखाली उतरत नाही.

एवढं मात्र दिसतं की त्या घडीला त्याला लुईसची गरजच नव्हती. १९९३मध्ये मायकल डोक्स पहिल्या फेरीत आटोपला, जेसी फर्ग्युसन दुसऱ्या फेरीत. लुईस कुठे पळून चालला होता? मग नोव्हेंबरात बो होलिफिल्डकडून हरला, १९९४च्या सप्टेंबरात लुईस ऑलिव्हर मॅकॉलकडून, आणि लढतीचा भावच उतरला. व्यावसायिक रिंगमध्ये ते दोघं कधीच समोरासमोर आले नाहीत.

“थांबलं की नुकसान होतं, हे त्यांना कळत नाही का?” हा तुमचा पुढचा प्रश्न. फ्लॉइड मेवेदर आणि मॅनी पॅकियाओ या दोन चॅम्पियनच्या लढतीची बोलणी २००९च्या अखेरीस सुरू झाली आणि उत्तेजकांसाठीच्या रक्तचाचण्यांच्या वादात मोडली. लढत झाली २ मे २०१५ला. दोघांचे उमेदीचे दिवस सरलेले, पॅकियाओचा खांदा दुखावलेला, लढत अगदीच सपक. तरी एकट्या अमेरिकेत सुमारे ४६ लाख जणांनी पैसे भरून ती पाहिली. तोवरचा तो विक्रम होता. उशिराचा दंड त्यात नेमका कुणाला बसला, ते आता तुम्ही मला सांगा.