सुबारू एसटीआय ई८५ वर: उन्हाळा आणि हिवाळा काढल्यानंतरचा हिशेब

गाडी ई८५ वर, म्हणजे बहुतांश इथेनॉल असलेल्या पेट्रोलच्या मिश्रणावर नेल्यापासून भेटेल तो एकच विचारतो, एवढा खटाटोप परवडतो का? आता ट्रॅकवरचा उन्हाळा आणि अमेरिकेतल्या आयोवातली थंडी दोन्ही पाहून झाल्या आहेत, तेव्हा सविस्तर लिहितो. उत्तर आधीच देतो. टर्बो गाडी, घराजवळ ई८५ चा चांगल्या खपाचा पंप आणि इंधनातलं इथेनॉलचं प्रमाण मोजणारा सेन्सर, हे तिन्ही जुळत असेल तर जरूर करा. नसेल तर तेच पैसे टायर आणि ब्रेकवर घाला, जास्त मजा येईल.

गाडी २०१६ ची, इंजिन ईजे२५७, टर्बो मूळचाच. हे इंजिन ज्यांच्याकडे आहे त्यांना त्याची दुखरी नस माहीत आहे: पिस्टनवर दोन रिंगांच्या मधला जो पातळ भाग असतो, तो रिंगलँड नॉकिंगने (सिलिंडरमधलं मिश्रण आपोआप पेटून बसणाऱ्या हादऱ्यांनी) तडकतो. आमच्या भागात प्रीमियम म्हणून ९१ ऑक्टेनचं पेट्रोल मिळतं (ऑक्टेन जितका जास्त तितकं नॉकिंग कमी), पूर्व किनाऱ्यावरच्यांना मिळतं तसं ९३ नाही. जुलैच्या उकाड्यात तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल दिला की लॉगमध्ये नॉक करेक्शन (नॉकिंगमुळे टायमिंगमध्ये केलेली कपात) उणे १.४, मग उणे २.८ दिसायचं आणि डीएएम, म्हणजे इंजिन टायमिंग किती पुढे नेऊ देतं त्याचा गुणक, १ वरून खाली यायचा. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, टायमिंग (ठिणगीची वेळ) मागे घेऊन इंजिनाला जपत होता. मी ई८५ कडे वळलो ते या आकड्यांमुळे. जास्तीची ताकद ही त्यामागून आलेली गोष्ट.

इथेनॉलचा रिसर्च ऑक्टेन १०८ च्या घरात आहे. त्याहून मोलाचं म्हणजे वाफ होताना ते किलोमागे पेट्रोलच्या साधारण अडीचपट उष्णता शोषून घेतं. वर तितक्याच हवेला इंधनही जास्त लागतं: ई१० चं (दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचं) हवा-इंधन प्रमाण १४.१, ई८५ चं ९.८ च्या आसपास. म्हणजे सिलिंडरमध्ये जाणारं मिश्रण दोन्ही बाजूंनी गार होतं. डॉजने २०२३ मध्ये डीमन १७० काढली तेव्हा ई१० वर ९०० आणि ई८५ वर १,०२५ हॉर्सपॉवर असे आकडे दिले होते. एकच इंजिन, फरक फक्त टाकीतल्या इंधनाचा.

पण जास्त इंधन लागतं म्हणजे ते पोचवायलाही हवं. आकारमानाने ३५ ते ४० टक्के जादा. इंधन फवारणारे मूळ इंजेक्टर वरच्या आरपीएमला सतत उघडेच राहायला लागतात, मग मॅप (ईसीयूमधलं इंधन आणि टायमिंगचं कोष्टक) कितीही चांगला असो, मिश्रण लीन होतं, म्हणजे इंधन कमी पडतं. म्हणून १,००० सीसीच्या वरचे इंजेक्टर, टाकीत ताशी ३४० लिटरचा पंप, नवा फिल्टर आणि परतीच्या लाइनमध्ये इथेनॉल सेन्सर. इंजेक्टर घेताना त्यांचा लेटन्सी डेटा (आदेश मिळाल्यावर उघडायला किती वेळ लागतो ते) मिळतो ना हे पाहून घ्या. तो नसेल तर आयडलिंग सुधारण्यातच ट्यूनरचे तास जातात.

सेन्सरवर काटकसर करू नका. पंपावर ई८५ असं लिहिलेलं असलं तरी अमेरिकेतल्या मानकाप्रमाणे त्यात ५१ ते ८३ टक्के इथेनॉल काहीही असू शकतं, आणि थंडीत ते मुद्दाम कमी ठेवतात. ८० साठी बांधलेल्या मॅपवर ५५ चं इंधन आलं तर मिश्रण रिच होतं, म्हणजे इंधन जास्त पडतं, आणि टायमिंग मात्र त्या इंधनाला न झेपणारं राहतं. उलट झालं तर लीन. सेन्सर ५० ते १५० हर्ट्झचा सिग्नल देतो, ५० म्हणजे शून्य टक्के आणि १५० म्हणजे शंभर. ईसीयू त्यावरून मॅप सरकवत राहतो. इंधन भरून निघालं की आकडा लगेच बदलत नाही, लाइनमधलं जुनं इंधन संपेपर्यंत हळूहळू चढतो. तोवर पाय आवरलेला बरा.

सेन्सरची खात्री मी साध्या नळीने करतो. खुणा असलेल्या १०० मिलिच्या काचेच्या नळीत ५० मिलि पाणी, वर ५० मिलि इंधन, बूच लावून हलवायचं आणि स्थिर होऊ द्यायचं. इथेनॉल पाण्यात उतरतं, पेट्रोल वर तरंगतं आणि मधली रेघ वर सरकते. रेघ जिथे थांबेल त्यातून ५० वजा करायचे आणि दुप्पट करायची. ऑगस्टमध्ये रेघ ८८ वर थांबली, म्हणजे ७६ टक्के. सेन्सर ७९ दाखवत होता. पाणी आणि इथेनॉल मिसळताना आकारमान जरा आकसतं, त्यामुळे नळी नेहमी थोडं कमीच सांगते. जानेवारीत त्याच पंपाची रेघ ७७ वर होती. हे सगळं उघड्यावर, ठिणगीपासून लांब करा.

डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) ९१ वर चाकांवर २७० हॉर्सपॉवरच्या आसपास मिळत होते, ई८५ वर ३२० झाले. ट्यूनर आणखी द्यायला तयार होता. मी टॉर्क मुद्दाम खालच्या आरपीएमला दाबून घेतला, कारण पिस्टन आणि रॉड अजून मूळचेच आहेत आणि इंधन बदललं म्हणून ते मजबूत होत नाहीत. मला खरा आनंद आहे तो ट्रॅकवरच्या लॉगचा: सत्र संपेपर्यंत डीएएम १ वर, नॉक करेक्शन शून्य.

हिवाळ्यात मात्र ई८५ परीक्षा घेतं. इथेनॉलची वाफ थंडीत नीट होत नाही, त्यामुळे उणे २० सेल्सिअसला स्टार्टर बराच वेळ फिरवावा लागतो. क्रँकिंगचे (इंजिन सुरू करतानाच्या इंधनाचे) टेबल सुधारून घेतल्यावर बरंच सुधारलं, पण कडाक्याच्या आठवड्यांत मी सरळ ९१ भरतो. सेन्सर असल्याने ते चालतं. थंड इंजिनात न जळलेलं इंधन तेलात उतरतं, म्हणून छोट्या फेऱ्या टाळतो आणि तेल लवकर बदलतो. इथेनॉल ओलावा धरतं, तेव्हा गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाकीत ई८५ ठेवू नका.

पैशांचं म्हणाल तर मायलेज चौथाईहून जास्त पडतं. टाकीवर २८० मैल जायचे तिथे २०० च्या वर थोडे. आमच्याकडे ई८५ प्रीमियमपेक्षा बरंच स्वस्त आहे, त्यामुळे मैलामागचा खर्च जवळपास तेवढाच राहतो. सुट्या भागांचा आणि ट्यूनिंगचा खर्च त्यातून कधीच वसूल होणार नाही, ती आशा ठेवून यात पडू नका. आणि क्लीन एअर अ‍ॅक्टखाली इंधन बदलणाऱ्या किटलाही ईपीएचे (अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचे) नियम लागतात, तेव्हा विकणाऱ्याकडे कागदपत्रं मागा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढायची ई८५ ला काहीच गरज नाही, माझा जागेवर आहे.

पुण्यातले मित्र त्यांच्या टीएसआय (फोक्सवॅगन-स्कोडाच्या टर्बो पेट्रोल) गाड्यांबद्दल विचारतात. तिथे पंपावर ई२० आलं आहे, आणि मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांतल्या इंडियन ऑइलच्या १८३ पंपांवर ई१०० सुरू झालं. पण त्यांची इंजिनं डायरेक्ट इंजेक्शनची, म्हणजे इंधन थेट सिलिंडरमध्ये सोडणारी, तिथे हाय प्रेशर पंप आधी दम सोडतो. नॉकवर इथेनॉलचा फायदा तिथे माझ्यासारख्या पोर्ट इंजेक्शनपेक्षा (इंधन इनटेकमध्ये सोडणाऱ्या इंजिनापेक्षा) जास्त दिसतो, तरी मोठा पंप घातल्याशिवाय पूर्ण ई८५ चा विचार करू नका. ई३० च्या आसपासचं मिश्रण आणि त्यासाठी खास केलेला मॅप, एवढ्यावर थांबा. ऊस आपल्याकडे भरपूर पिकतो, म्हणून ज्या दिवशी पंपावर खात्रीचं ई८५ मिळेल त्या दिवशी हे गणित बदलेल.

माझ्याकडे पुढचं काम म्हणजे इंधनाच्या दाबाचा सेन्सर, दाब पडला की बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) आपोआप कापणारा. तो बसला आणि तेलाच्या नमुन्याचा अहवाल आला की टॉर्कची मर्यादा थोडी वर नेऊन पाहायची आहे.