आईचा फॉर्म

"फॉर्म संपलेत." सभासदाचा फॉर्म मागितल्यावर सोसायटीच्या सचिवांचं हे उत्तर आईनं चार महिन्यांत तीनदा ऐकलं, आणि तिसऱ्यांदा घरी येऊन ती एक शब्द न बोलता भाकरी थापायला बसली तेव्हा माझं डोकंच फिरलं.

सांगलीच्या खानापूर तालुक्यातलं आमचं गाव. टेंभू उपसा योजनेचं पाणी आल्यापासून ज्याला त्याला पीक कर्ज पाहिजे, वाटणीत आईला 30 गुंठे आलेले, सातबाऱ्यावर तिचं नाव, मग पीक कर्ज देणाऱ्या विकास सोसायटीचं सभासद व्हायला अडचण काय? तर सोसायटीचं इलेक्शन जवळ आलेलं, आणि आमच्या घरची मतं कुठं जातात ते गावाला ठाऊक.

वाईट म्हणजे हे लोक नाही म्हणतच नाहीत. लेखी नकार दिला तर कारण द्यावं लागतं, त्यावर सहकार खात्याच्या निबंधकाकडं अपील होतं. कागदच हातात घेतला नाही तर आपण भांडायचं कशावर?

विट्यातल्या एका वकीलकाकांनी 1960 चा सहकार कायदा काढला, कलम 23(1अ). संस्था अर्ज किंवा पैसे घेत नसेल तर दोन्ही सरळ निबंधकाकडं द्यायचे, त्यांनी ते 30 दिवसांत संस्थेकडं पाठवायचे, आणि अर्ज पोचल्यावर 60 दिवसांत संस्थेनं काहीच कळवलं नाही तर माणूस मानीव सभासद, म्हणजे कायद्यानं सभासद झाल्यातच जमा! म्हणजे फॉर्म संपल्याचा हा डाव कायद्याला आधीच माहीत होता, नव्हता तो फक्त आम्हाला.

काका म्हणाले, संविधानात 19(1)(ग) मध्ये संघटना करायचा हक्क आहे, 2012 पासून त्यात सहकारी संस्था हे शब्दही आलेत, पण चालू संस्थेत मला घ्या असं म्हणायचं तर हे कलम 23 च कामाला येतं. निबंधकच फाईल दाबून बसले तर हायकोर्टात रिट याचिका. तेव्हा त्यासाठी मुंबई गाठावी लागायची, 18 ऑगस्ट 2025 पासून सांगली-साताऱ्यासाठी कोल्हापूरला सर्किट बेंच झालंय, आमच्यासारख्यांना ही लई मोठी गोष्ट आहे.

आईनं फेब्रुवारी 2024 मध्ये अर्ज आणि शेअरची रक्कम तालुक्याला सहाय्यक निबंधकांकडं दिली, पोच घेतली, ती पोच देवघरातल्या डब्यात ठेवली. सोसायटीकडून एक ओळ आली नाही. 60 दिवस झाल्यावर आम्ही परत तालुक्याला लेखी दिलं, दोन हेलपाटे झाले, मग रजिस्टरला नाव लागलं.

सप्टेंबरात वार्षिक सभेची नोटीस आली, आईच्या नावानं. तिनं ती दोनदा वाचायला लावली.