एका मतदाराची अडतीस मते

फ्रान्सच्या किनाऱ्याजवळचे गर्न्झी हे बेट ब्रिटिश राजसत्तेच्या अधीन असले, तरी ते युनायटेड किंगडमचा भाग नाही. इथले कायदे, कर आणि विधिमंडळ बेटाचे स्वतःचे आहे. लोकवस्ती साठ हजारांच्या थोडी वर, म्हणजे आपल्याकडच्या मध्यम आकाराच्या नगरपालिकेएवढी. 18 जून 2025 रोजी इथे सार्वत्रिक निवडणूक झाली आणि भारतीय पारपत्र बाळगणाऱ्या मलाही मतदान करता आले, कारण इथे नागरिकत्व विचारले जात नाही. वयाची सोळा वर्षे पूर्ण असावीत, सलग दोन वर्षे बेटावर वास्तव्य असावे आणि मतदारयादीत नाव नोंदवलेले असावे, एवढेच पुरते. भारतात माझे नाव अनिवासी मतदार म्हणून नोंदवता येते खरे, पण मत द्यायला विमानाने गावी जावे लागते.

खरी गंमत मतपत्रिकेत आहे. पूर्वी बेटाचे सात मतदारसंघ होते. ऑक्टोबर 2018 मध्ये पाच पर्यायांवर सार्वमत घेऊन लोकांनी ते मोडीत काढले आणि संपूर्ण बेट हाच एक मतदारसंघ केला. त्यामुळे आता विधिमंडळाच्या 38 जागांसाठी प्रत्येक मतदाराला जास्तीत जास्त 38 मते असतात. पुण्यातल्या चार सदस्यांच्या प्रभागात चार बटणे दाबताना गोंधळणाऱ्यांनी हे चित्र डोळ्यांसमोर आणून पाहावे: 2025 मध्ये 82 उमेदवार होते, 2020 मध्ये तर 119. सर्वांचे जाहीरनामे एकत्र छापलेली जाडजूड पुस्तिका मिळते. ती वाचायची, खुणा करायच्या आणि मनाशी यादी तयार करून मतदान केंद्रावर जायचे. अडतीसपेक्षा कमी मते दिलेली चालतात, जास्त दिली तर मतपत्रिका बाद होते. कित्येक मतदार मुद्दामच मोजक्या नावांवर थांबतात, कारण आवडत्या उमेदवाराबरोबर इतर सदतीस जणांना मते दिली, तर त्यातलाच एखादा त्याच्या पुढे निघून जाण्याची शक्यता असते.

मतदाराला सर्वच्या सर्व सदस्य निवडण्याचा अधिकार मिळाला, पण हक्काने दार ठोठावावे असा 'आपल्या भागाचा' प्रतिनिधी मात्र गेला. आपल्याकडच्या नगरसेवकाला आपण कितीही नावे ठेवली, तरी पाणी आले नाही की फोन कोणाला करायचा, हे ठाऊक असते. माझ्या मते हा सौदा मतदाराला महागच पडला आहे.

प्रचारात कळीचा मुद्दा होता तो जीएसटीचा! वस्तू आणि सेवांवर कर नसलेल्या या बेटावर पाच टक्के जीएसटी आणण्याचा निर्णय आधीच्या सभागृहाने नोव्हेंबर 2024 मध्ये घेतला होता, आणि त्यामुळे जवळपास प्रत्येक उमेदवाराला त्यावर भूमिका मांडणे भाग पडले. मात्र पक्षांना इथे फारसे वजन नसल्याने मते मोजून झाली, तरी सरकारचे नेतृत्व कोण करणार हे ठरलेले नसते; ते निवडून आलेले सदस्यच नंतर आपापसांत मतदान करून ठरवतात. 2025 मध्ये त्यांनी लिंडझी द सॉसमारेझ यांना धोरण आणि संसाधन समितीच्या अध्यक्षपदी निवडले. बेटाच्या या सर्वोच्च राजकीय पदावर आलेल्या त्या पहिल्या महिला आहेत.